फोटोत सगळे आहेत, हिशोबात कोण आहे?

परवा २४ मार्चला आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात जागतिक क्षयरोग दिनाचा कार्यक्रम झाला. मांडव, बॅनर, हार, शाली, सगळं रीतसर. बॅनरवर मोठ्या अक्षरात 'जनभागीदारीतून टीबीमुक्ती'. स्टेजवर लोकप्रतिनिधी, दोन संस्थांचे अध्यक्ष, एक पतसंस्था, एक कृषी सेवा केंद्रवाले आणि अधिकारी. खाली पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नऊ-दहा पेशंट. पायाशी धान्याची किट मांडलेली.

मी कॅमेरा बॅगेतून काढला नाही. संयोजक दोनदा येऊन गेले. "साहेब, किट वाटताना घ्या ना एक." म्हटलं, स्टेजचा घेतो, भाषणाचा घेतो, पण पहिल्या रांगेचा घेणार नाही. ते जरा नाराज झाले. साहजिक आहे. एवढा खर्च केला आणि पेपरात फोटो नाही म्हणजे काय.

का घेतला नाही ते सांगतो. जरा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

तीनेक वर्षांपूर्वी अशाच एका वाटपाची बातमी मीच केली होती. तेव्हा निक्षय मित्र योजना नवीन होती. चांगली योजना, चांगले लोक, चांगला कार्यक्रम. मी फोटो काढला, चार कॉलम लागला. त्या फोटोत उजवीकडून दुसरी एक बाई बसली होती. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. ब्लाऊज शिवून घर चालवायची. त्या फोटोनंतर पंधरा दिवसांत तिच्याकडे शिवायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. मग बंदच झाल्या. शेजारणीने मुलांना तिच्या दारात खेळायला पाठवणं थांबवलं. ती दोन महिन्यांचं औषध घेऊन भावाकडे दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेली आणि तिथे जाऊन गोळ्या सोडल्या. तिथल्या सरकारी दवाखान्यात गेलं की पुन्हा नाव लागेल, पुन्हा कोणीतरी किट घेऊन येईल, ही भीती.

हे मला आशाताईंनी सांगितलं. रागावून नाही, सहज. "दादा, तुमच्या त्या फोटोतली बाई गेली बघा गाव सोडून." त्याच ताईंनी फोन करकरून, भावजयीला समजावून, चार महिन्यांनी तिला परत औषधावर आणलं. पुन्हा पहिल्यापासून. सुदैवाने औषधाला दाद न देणारा टीबी झाला नव्हता. ती बरी झाली. नंतर एकदा तिची भेट झाली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "भाऊ, धान्य महिनाभर पुरलं. फोटो अजून पुरतोय."

तेव्हापासून 'भागीदारी' हा शब्द बॅनरवर दिसला की मी थांबतो आणि विचारतो, कोणाची भागीदारी, कशात, आणि हिशोब कोण ठेवतंय?

आता मुद्द्यावर येतो. सार्वजनिक आरोग्यात भागीदारीने काम होतं का? आपल्याकडे यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आरोग्य ही सरकारची जबाबदारी, खासगीवाले आणि संस्थावाले आले की वाट लागते. दुसरा म्हणतो, सरकारला काही जमत नाही, सगळं संस्थांना आणि कंपन्यांना देऊन टाका. चहाच्या टपरीवर दोन्ही बाजू जोरात असतात. माझं मत असं, की दोघंही चुकतात, आणि का चुकतात हे बघायला टीबीइतकं चांगलं उदाहरण नाही.

जगातला साधारण दर चौथा टीबीचा रुग्ण भारतात आहे. टीबीचं औषध सरकार फुकट देतं, तपासणी फुकट करतं. तरीही आपला माणूस खोकला झाला की आधी कुठे जातो? गल्लीतल्या डॉक्टरकडे. किंवा थेट मेडिकलवर. सरकारी दवाखान्यात जातो तो पैसे संपल्यावर. हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही आणि सरकारलाही. पण कितीतरी वर्षं सरकारी टीबी कार्यक्रम असा चालला, जणू खासगी दवाखाने अस्तित्वातच नाहीत.

त्याचा परिणाम काय होत होता? १९९१ साली मुंबईतल्या शंभर खासगी डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. मुकुंद उपळेकर त्यात होते. टीबीच्या पेशंटला काय औषध द्याल, असं विचारल्यावर शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळे उपचार लिहून दिले. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत पुन्हा तसंच बघितलं. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारची प्रिस्क्रिप्शनं, आणि त्यातली बरोबर फक्त सहा. चुकीचं औषध, अर्धवट औषध म्हणजे नुसता एक पेशंट बिघडणं नाही. त्यातून तो टीबी तयार होतो ज्याला साधी औषधं लागू पडत नाहीत, आणि तो मग घरात, लोकलमध्ये, शाळेत पसरतो.

आणि असे पेशंट किती? औषधविक्रीच्या आकड्यांवरून संशोधकांनी अंदाज काढला, की एकट्या २०१४ मध्ये देशात सुमारे २२ लाख रुग्णांचे उपचार खासगी क्षेत्रात झाले. आधी मानत होते त्याच्या दुप्पट-तिप्पट. हे लोक सरकारच्या रजिस्टरमध्ये नव्हतेच. म्हणजे पूर किती आला हे मोजायचं आणि निम्मी नदी मोजायचीच नाही, असा प्रकार.

सरकारने काय केलं? आधी आदेश काढला. मे २०१२ मध्ये टीबी नोंदवणं सक्तीचं झालं. प्रत्येक डॉक्टरने, लॅबने कळवायचं. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, खासगीकडून देशभरातून किती नोंदी आल्या? ३८,५९६. अख्ख्या देशातून! कागदावर सगळे भागीदार होते. प्रत्यक्षात डॉक्टर म्हणत होते, मी कशाला कळवू? फॉर्म कोण भरणार? आणि कळवला की तुम्ही माझा पेशंट उचलून सरकारी दवाखान्यात नेणार.

मग २०१४ पासून मुंबई, पाटणा आणि मेहसाणा इथे वेगळा प्रयोग झाला. मध्ये एक संस्था उभी केली. तिने डॉक्टरला सांगितलं, पेशंट तुमच्याकडेच राहील, तुम्हीच बघा. औषध मात्र योग्य तेच लिहा. पेशंटला व्हाउचर मिळायचं, ते दाखवून तो खासगी मेडिकलमधूनच फुकट औषध घ्यायचा आणि मेडिकलवाल्याला त्याचे पैसे मिळायचे. फॉर्म भरायचं काम, पेशंटला फोन करायचं काम, गोळ्या चुकल्या तर घरी जायचं काम संस्थेच्या माणसांनी केलं. नंतर ही पद्धत इतर राज्यांतल्या शहरांत नेली. २०१८ मध्ये नोंद न करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आली, आणि त्याच काळात नोंद केली की डॉक्टरला ५०० रुपये, उपचार पूर्ण झाल्याचं कळवलं की आणखी ५०० रुपये अशी सोय झाली.

२०२३ मध्ये खासगीकडून आलेल्या नोंदी होत्या सुमारे ८ लाख ४० हजार. देशातल्या एकूण साडेपंचवीस लाखांच्या एक तृतीयांश. दहा वर्षांत अडतीस हजारांवरून आठ लाख चाळीस हजार.

मला यातून जे समजलं ते साधं आहे. २०१२ ला आदेश होता, भागीदारी नव्हती. भागीदारी तेव्हा झाली, जेव्हा प्रत्येकाला विचारलं गेलं की बाबा, तुझी अडचण काय? डॉक्टरला पेशंट गमावायचा नव्हता. मेडिकलवाल्याला गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं. पेशंटला पैसे नव्हते आणि लाज होती. सरकारला आकडा हवा होता. चौघांचं चार ठिकाणी भागलं, तेव्हा काम झालं. आणि महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांची नोंद एकाच रजिस्टरमध्ये, निक्षय पोर्टलवर होऊ लागली. कोणी काय केलं ते दिसू लागलं.

आमच्या गावातले एक जुने डॉक्टर आहेत, पस्तीस वर्षं प्रॅक्टिस. ते मला म्हणाले, "अरे, पूर्वी टीबीवाले यायचे ते तपासायला आल्यासारखे यायचे. आता तो पोरगा मोटरसायकलवर येतो, चहा घेतो, माझ्या कंपाउंडरकडून माहिती घेतो आणि जातो. माझा पेशंट गोळ्या घेतो की नाही हे मला तो सांगतो. मला कळायला दुसरा मार्गच नव्हता." हा मोटरसायकलवाला पोरगा म्हणजे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक. कंत्राटी. त्याच्याबद्दल पुढे बोलतो.

दुसरं उदाहरण तपासणीचं. पूर्वी बेडका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. त्यात बरेच रुग्ण सुटायचे, आणि औषधाला दाद न देणारा टीबी तर कळायचाच नाही. जनुकीय चाचणीचं परदेशी मशीन आलं, पण त्याला एसी लागतो, कायम वीज लागते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पंखा चालला तरी नशीब. मग ट्रूनॅट आलं. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं मशीन, बॅटरीवर चालणारं. आयसीएमआरने ते तपासून बघितलं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आणि सरकारने विकत घेऊन आरोग्य केंद्रांपर्यंत पोचवलं. कोविडमध्ये हीच मशीन कोविडच्या तपासणीला लावली होती. इथे खासगी कंपनी आहे, नफाही आहे. पण काय हवंय ते सरकारने ठरवलं, चालतं की नाही ते सरकारी संस्थेने तपासलं, आणि मग खरेदी झाली. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं, आधी खरेदी आणि मग गरज शोधायची.

आता किटकडे येऊ. मी किटची टिंगल करतोय असं कोणाला वाटू नये म्हणून हे सांगतो.

टीबी आणि भूक सख्ख्या बहिणी आहेत. हे आपल्या आज्या सांगायच्याच, पण त्याचा पक्का पुरावा झारखंडमधून आला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी सरकारी टीबी कार्यक्रमासोबत तिथल्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं घेऊन अभ्यास केला. २०२३ मध्ये तो लॅन्सेटच्या नियतकालिकांत छापून आला. अर्ध्या घरांत फक्त रुग्णाला धान्य दिलं, अर्ध्या घरांत घरातल्या सगळ्यांना दिलं. तांदूळ, डाळ, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, फार काही नाही. जिथे सगळ्या घराला दिलं, तिथे घरातल्या माणसांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. संसर्ग पसरवणारा फुप्फुसाचा टीबी तर ४८ टक्क्यांनी कमी. आणि ज्या रुग्णाचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्याच्या मृत्यूचा धोका साठ टक्क्यांहून जास्त घटलेला दिसला.

म्हणजे त्या पिशवीतली डाळ ही दया नाही, ते औषध आहे. आणि औषध असेल तर त्याला औषधाचे नियम लावा. औषध एक दिवस देऊन फोटो काढतो का आपण? औषध दर महिन्याला, वेळेवर, पूर्ण मुदतीपर्यंत द्यावं लागतं आणि घेतलं का ते बघावं लागतं.

निक्षय मित्र योजना ९ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाली. नियमात सगळं नीट आहे. रुग्णाची संमती घ्यायची. मित्राने किमान सहा महिने मदत करायची. पुढे घरातल्या माणसांनाही द्यायची अशी सुधारणा आली. कागदावर उत्तम. पण आमच्या तालुक्यात मी आशाताईंना, पर्यवेक्षकांना, पेशंटना विचारत फिरलो तेव्हा चित्र वेगळं दिसलं. पहिल्या महिन्याचं किट कार्यक्रमात मिळतं. दुसऱ्या महिन्याचं कधी मिळतं, कधी दोन महिन्यांचं एकदम मिळतं. तिसऱ्यापासून 'साहेबांना फोन केलाय' सुरू होतं. एका गृहस्थाला सहा महिन्यांत दोन किट मिळाली. दोन्ही वेळा फोटो काढला. मी विचारलं, बाकीच्या चारचं काय? तो म्हणाला, "बाकीच्या वेळी पाहुणे नव्हते."

हे एका तालुक्याचं आहे, सगळ्या महाराष्ट्राचं म्हणून मी छापणार नाही. काही ठिकाणी लोक अतिशय निष्ठेने करतात. आमच्याच गावात एक किराणा दुकानदार आहेत. त्यांनी चार पेशंट दत्तक घेतलेत. कार्यक्रम नाही, बॅनर नाही. पर्यवेक्षक त्यांना चार चिठ्ठ्या देतो, चिठ्ठीवर नाव नाही, फक्त नंबर. चिठ्ठी घेऊन कोणीही येतं, पेशंट, त्याचा पोरगा, शेजारी, आणि महिन्याचं सामान घेऊन जातं. दुकानात उभ्या असलेल्या दहा गिऱ्हाईकांना कळतही नाही. मी त्यांना म्हटलं, तुमच्यावर बातमी करतो. ते म्हणाले, "नका. मग चिठ्ठी घेऊन येणारा ओळखू येईल." आरोग्यातली भागीदारी म्हणजे काय, हे मला पत्रकारितेच्या डिप्लोमाने शिकवलं नाही, या माणसाने शिकवलं.

आता जिथे घोडं पेंड खातं ते तीन-चार मुद्दे.

एक. भागीदार मदतीला असतो, बदलीला नसतो. मुख्य खांब सरकारचाच लागतो. मार्च २०२४ आठवा. देशात ठिकठिकाणी टीबीच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना लिहिलं, की तीन महिन्यांसाठी स्थानिक पातळीवर खरेदी करा. त्या काळात आमच्याकडे पेशंटला महिन्याऐवजी आठवड्याच्या, कधी तीन दिवसांच्या गोळ्या देत होते. रोजंदारीवाला माणूस तीन-तीन दिवसांनी रांगेत उभा. तेव्हा किती निक्षय मित्र असते तरी काय उपयोग होता? टेबलावर डाळ होती, गोळी नव्हती. खांबच हलला तर तोरण लावून घर उभं राहत नाही.

दोन. सगळ्यात खालचा भागीदार सगळ्यात जास्त काम करतो आणि त्यालाच भागीदार कोणी म्हणत नाही. आशाताई. खोकला असलेला माणूस शोधायचा, बेडक्याची डबी पोचवायची, गोळ्या घेतल्या का बघायचं, बँक खातं जोडून द्यायचं, नवरा दारू पिऊन ओरडला तरी पुन्हा जायचं. पेशंटला सरकारकडून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते खात्यावर आले नाहीत की पेशंट तहसीलदाराला विचारत नाही, आशाताईला विचारतो. आणि याच आशांना २०२४ च्या सुरुवातीला स्वतःच्या मानधनासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं. तो मोटरसायकलवाला पर्यवेक्षक, कंत्राटी. त्याचं कंत्राट नूतनीकरण होईल का, हे त्याला दरवर्षी मार्चमध्ये माहीत नसतं. स्टेजवर शाल देताना या दोघांची नावं कोणी घेतली नाहीत. मी मुद्दाम मोजत होतो.

तीन. बक्षीस कशाला देता ते बघा. टीबीमुक्त पंचायत अभियानात गावाला गांधीजींचा पुतळा मिळतो, पहिल्या वर्षी कांस्य रंगाचा, मग रुपेरी, मग सोनेरी. गावं पुढे येतात, तपासण्या वाढतात, हे खरं आहे. पण निकषांत एक असाही आहे, की हजार लोकसंख्येमागे रुग्ण एकापेक्षा जास्त नकोत. पुरेशा लोकांची तपासणी करण्याची अटही सोबत आहे, म्हणून कागदावर पळवाट नाही. पण गावातली मानसिकता कागदावर चालत नाही. एका गावात मला एक सदस्य हसत हसत म्हणाले, "या वर्षी कोणाला खोकला आला तर मुंबईला पोराकडे पाठवू." ते गमतीने म्हणाले. मला गंमत वाटली नाही. त्या ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला भावाकडे जाताना मी आठवत होतो. रुग्ण सापडणं ही गावाची बदनामी नाही, गावाचं यश आहे. बक्षीस सापडवण्याला द्या, आणि सापडलेला प्रत्येक माणूस बरा होण्याला द्या.

चार. हिशोब. २०१५ पासून २०२५ पर्यंत टीबीचं प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणायचं आपलं उद्दिष्ट होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे रुग्ण होते, ते २०२४ मध्ये १८७ वर आले. म्हणजे २१ टक्के घट. जगात याच काळात १२ टक्के घट झाली, त्यामुळे आपली कामगिरी वाईट नाही, उलट बरी आहे. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण ८० म्हटलं होतं आणि २१ झाले, हेही प्रामाणिकपणे सांगायला नको का? परवाच्या कार्यक्रमात आठ भाषणं झाली. एकानेही हा आकडा उच्चारला नाही. भागीदारीत हिशोब मांडणं हे अविश्वासाचं लक्षण नसतं. दोन सख्खे भाऊ भागीत शेती करतात तेव्हा सुगीला पोती मोजतातच ना?

कोणी म्हणेल, एवढं सगळं जमलेलं उदाहरण तरी आहे का? आहे. पोलिओ. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एक, हावड्याची एक लहान मुलगी, जानेवारीत. त्यानंतर नैसर्गिक (वन्य) विषाणूच्या पोलिओचा एकही नाही. मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. यात सरकार होतं, जागतिक आरोग्य संघटना होती, युनिसेफ होतं, रोटरी होती. पण उत्तर प्रदेशात जेव्हा काही वस्त्यांतले लोक डोस नाकारत होते, तेव्हा नुसत्या पोस्टरने काम झालं नाही. त्याच गल्लीतल्या बायकांना कामाला घेतलं, मौलवींशी बोलणी झाली, मशिदीतून आवाहनं झाली. प्रत्येक फेरीनंतर कोणत्या घरात मूल राहिलं याची यादी असायची, घराच्या दारावर खडूने खूण असायची. म्हणजे काम वाटलेलं होतं आणि राहिलेलं काम कोणाचं हे ठरलेलं होतं. फोटो तिथेही निघाले. पण फोटो निघाल्यावर काम संपत नव्हतं, दुसऱ्या दिवशी राहिलेल्या घरांची यादी घेऊन माणूस पुन्हा दारात उभा असायचा.

आणि रुग्णाला भागीदार म्हणून खुर्ची देणं हेही महाराष्ट्राला नवीन नाही. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली होती. गावातले लोक आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचे, आणि जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी समोर बसून उत्तरं द्यायचे. अधिकाऱ्यांना घाम फुटायचा, पण औषधांची यादी भिंतीवर लागायची, बंद उपकेंद्र उघडायचं. तिथे लोक किट घ्यायला येत नव्हते, प्रश्न विचारायला येत होते. फरक एवढाच, पण तोच मोठा.

यावर माझ्या एका मित्राचा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. तो म्हणतो, "फोटो नाही म्हटलं तर देणारे येणार नाहीत. माणसाला कौतुक लागतं. तू तत्त्व सांभाळशील, पेशंट उपाशी राहील." बरोबर आहे. म्हणून मी म्हणतो, फोटो काढा, पण देणाऱ्याचा काढा. सहा महिने पूर्ण झाल्यावर काढा. बातमीत लिहा, की या संस्थेने अकरा रुग्णांना सहाच्या सहा महिने न चुकता धान्य दिलं आणि अकराही बरे झाले. अशी बातमी मी पहिल्या पानासाठी भांडून लावून घेईन. पहिल्या दिवसाच्या वाटपाची बातमी मात्र आता माझ्याकडून होणार नाही. हा माझा वाटा. मी पण या भागीदारीत होतोच की. माझ्या वाट्याचं काम मी चुकीचं केलं होतं.

तुमच्या तालुक्यात असा कार्यक्रम झाला तर चार गोष्टी विचारा. भांडू नका, नुसत्या विचारा. गेल्या वर्षी ज्यांना पहिलं किट दिलं, त्यांतल्या किती जणांना सहावं मिळालं? औषधाचा साठा किती दिवसांचा आहे? आशाताईंचं आणि पर्यवेक्षकाचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंत झालं? आणि हे सगळं ठरवायच्या बैठकीत टीबीतून बरा झालेला एक तरी माणूस होता का? चारही उत्तरं मिळाली तर ती भागीदारी आहे. नाही मिळाली तर तो सत्कार समारंभ आहे, जेवून या.

परवा कार्यक्रम संपल्यावर गर्दी पांगली. किट घेऊन लोक गेटकडे निघाले. एका म्हाताऱ्याने पिशवीवरचं छापलेलं नाव आतल्या बाजूला येईल अशी पिशवी उलटी केली, त्यात सामान पुन्हा भरलं आणि मग रिक्षात बसला. बाजूला आशाताई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघितलं ना दादा? लिहा आता."

लिहिलं. आता त्या म्हाताऱ्याला सहावं किट मिळतं का, ते सप्टेंबरमध्ये बघायला जाणार आहे. तेही लिहीन.